कोकणातल्या दमट हवेत डिनर रोल आणि सिनॅमन रोल

बहुतेक पाककृतींत ‘कोमट दूध घ्या, पीठ उबदार जागी दीड तास ठेवा’ असं असतं. ते थंड हवेच्या देशांसाठी ठीक आहे. रत्नागिरी-मालवणकडे मे महिन्यात स्वयंपाकघरच ३२-३३ अंशांवर असतं. तिथे हे जसंच्या तसं केलं तर पीठ जास्त फुगून खाली बसतं आणि रोलला आंबूस वास येतो. म्हणून इथे गार दूध आणि कमी यीस्ट.

दोन्ही रोल, म्हणजे साधे डिनर रोल आणि दालचिनीचं सारण भरलेले सिनॅमन रोल, एकाच पिठाचे होतात. मैदा ५०० ग्रॅम, दूध ३२० मिली, साखर ६० ग्रॅम, मऊ बटर ६० ग्रॅम, मीठ ८ ग्रॅम (बटर खारं असेल तर ७), इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम; जानेवारीत ७. दूध उकळून पूर्ण गार केलेलं हवं, उन्हाळ्यात तर थेट फ्रिजमधलं. न उकळलेल्या दुधातली काही प्रथिनं ग्लुटेन (पिठाला ताण देणारं मैद्यातलं प्रथिन) सैल करतात, रोल बसके होतात. त्यातलं ३० मिली दूध बाजूला ठेवा. पावसाळ्यात मैद्याने हवेतली ओल आधीच धरलेली असते, तेव्हा ते बहुधा लागतच नाही. मीठही त्या दिवसांत ओलं होऊन चमच्यात कमीजास्त बसतं, म्हणून काट्यावरच मोजा. यीस्टचं फोडलेलं पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रीझरमध्ये.

आधी बटर न घालता पाच मिनिटं मळा, मग थोडं थोडं बटर घालत आणखी आठ-दहा मिनिटं. पीठ हाताला चिकटतं म्हणून वरून मैदा घालण्याचा मोह सगळ्यांना होतो आणि कोरडे, घट्ट रोल बहुतेक वेळा त्यामुळेच होतात. त्याऐवजी झाकून दहा मिनिटं ठेवा, पुन्हा मळा. छोटा तुकडा ताणल्यावर न फाटता पातळ पडदा झाला की पुरे. मग पीठ झाकून फुगायला ठेवा. उन्हाळ्यात ४५ मिनिटांत दुप्पट होतं, थंडीत सव्वा तासही लागतो. पिठात बोट खुपसा: खड्डा सावकाश, अर्धाच भरून आला तर तयार. झटकन भरला तर अजून वेळ द्या. मध्येच वीज गेली, जे पावसाळ्यात होतंच, तर पीठ लगेच फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिजचं दार बंद राहिलं तर दोन-तीन तास काही बिघडत नाही.

अर्ध्या पिठाचे ५० ग्रॅमचे नऊ गोळे करून आठ इंची चौकोनी टिनमध्ये लादीपावासारखे जवळजवळ लावा. पुन्हा फुगले की वरून दूध लावून १८० अंशांवर १८-२० मिनिटं भाजा. ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) पंधरा मिनिटं आधी तापवा आणि वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू ठेवा, नाहीतर तळ पांढरा राहतो.

उरलेलं अर्धं पीठ ३० बाय २५ सेंटिमीटर लाटा. सारणाला मऊ बटर ४० ग्रॅम, ब्राउन शुगर ७० ग्रॅम, दालचिनी पूड दोन चमचे, कॉर्नफ्लोअर एक चमचा. कॉर्नफ्लोअर वगळू नका, वितळलेली साखर तेच धरून ठेवतं. गूळ घातला तर चव उत्तम येते, पण तो कोरडी पावडर असलेलाच हवा. दालचिनी मात्र पिठात मळू नका, तिच्यातलं तेल यीस्टला मंदावतं. इथे नारळ-सुपारीच्या बागांत दालचिनीची झाडं असतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण तेज’ ही जातही आहे. पातळ, एकावर एक गुंडाळलेली साल मिळाली तर तीच घरी कुटा. बाजारातली जाड, कडक साल बहुधा कॅशिया, म्हणजे दालचिनीच्याच जातकुळीतल्या दुसऱ्या झाडाची, असते. ती जास्त तिखट लागते, तिची पूड दीड चमचा पुरे.

लांब बाजूकडून गुंडाळा, पण करकचून नको, कारण मग भाजताना मधला भाग सुळक्यासारखा वर येतो. उकाड्यात बटर बाहेर येऊ लागतं, म्हणून गुंडाळी वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून मगच दोऱ्याने नऊ तुकडे करा. सुरीने ते चेपतात. टिनमध्ये पुन्हा फुगू द्या आणि १८० अंशांवर २२-२५ मिनिटं भाजा. मधल्या रोलमध्ये थर्मामीटर ९० अंशांच्या पुढे गेला पाहिजे. कडेचे रोल पाहून बाहेर काढले तर मधला कच्चा निघतो.

वरून साखरेचा ग्लेझ आपल्याकडच्या दमट हवेत नीट सुकत नाही. १०० ग्रॅम चक्का आणि ४० ग्रॅम पिठीसाखर फेटून खायच्या वेळी लावा. त्याचा आंबटपणा गोड सारणाला छान तोलतो. चक्का न लावलेले रोल पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. पावसाळ्यात दुसऱ्या दिवसापलीकडचे सरळ फ्रीझरमध्ये ठेवा.