लॉक जुन्याला, ब्राउझर नव्याला

बेळगावात डीटीपीचं दुकान म्हणजे एका खुर्चीत दोन धंदे. सकाळी कन्नड अर्ज, सेवा सिंधू या कर्नाटक सरकारच्या पोर्टलचे फॉर्म, जमिनीचे उतारे. दुपारनंतर मराठी लग्नपत्रिका आणि मंडळांच्या पावत्या. दोन्ही कामं ओढणारं मशीन २०१४ सालचं, असेंबल केलेलं: आय३-४१३०, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, विंडोज ७ आणि तीही ३२ बिट. पेजमेकर, म्हणजे पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर, उघडायला दीड मिनिट लागायला लागलं तेव्हा दुरुस्तीवाल्या दादांचं उत्तर तयार होतं: "आणखी ४ जीबी रॅम टाका की, पळतंय बघा."

हा सल्ला ऐकला असता तर पैसे पाण्यात होते. ३२ बिट विंडोज ७ ला ४ जीबीच्या पुढची रॅम वापरताच येत नाही. आहे त्या चारातलीही थोडी हार्डवेअरच्या पत्त्यांत अडकते. मग ६४ बिट टाकावी? तर फॉन्टच्या जुन्या सॉफ्टवेअरचं लॉक आडवं येतं; ते लावलेलं नसेल तर सॉफ्टवेअर चालतच नाही. मशीनच्या मागे २५ पिनांच्या पॅरलल पोर्टला लावलेलं ते करड्या रंगाचं ठोकळं. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला त्याची ओळख करून देणारा प्रोग्राम, ३२ बिटचा, आणि ६४ बिट विंडोज ३२ बिटचा ड्रायव्हर घेतच नाही. म्हणजे रॅमचा प्रश्न ड्रायव्हरपाशीच मिटला.

म्हणून आधी कागदावर दोन रकाने केले: कुठलं काम मशीनला बांधलेलं आहे आणि कुठलं कुठेही चालेल. पेजमेकर, ते लॉक आणि बारा वर्षांच्या पत्रिकांच्या फाइली पहिल्या रकान्यात. नव्या मदरबोर्डवर पॅरलल पोर्ट सहसा नसतो. यूएसबीची पॅरलल केबल प्रिंटरपुरती असते, तिच्यातून लॉक दिसत नाही. पीसीआय एक्स्प्रेस कार्ड बसवता येतं, पण ते पोर्टला भलताच पत्ता देतं आणि जुना ड्रायव्हर ३७८ या ठरलेल्या पत्त्यावरच शोधत बसतो. दुसऱ्या रकान्यात ब्राउझरची सगळी कामं. तिथे जुन्या मशीनची बाजू लंगडीच होती: विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला आणि क्रोमची १०९ ही तिच्यावर चालणारी शेवटची आवृत्ती.

मग मशीन नक्की कशानं अडतंय ते पाहिलं. विंडोज ७ च्या टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा रकाना नसतो. रिसोर्स मॉनिटर उघडून डिस्कच्या टॅबवर जावं लागतं. पेजमेकर सुरू करताच प्रोसेसर २० टक्क्यांवर आणि डिस्क सलग १०० टक्क्यांवर. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोनं पिवळा 'कॉशन' दाखवला. त्यात दोन ओळी बघायच्या: बदललेले सेक्टर (डिस्कवरचे माहितीचे छोटे कप्पे) आणि बदलायचे बाकी असलेले, म्हणजे पेंडिंग, सेक्टर. एक मेख आहे. हे आकडे मुळात हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे सोळाच्या मोजणीत, दिसतात. पेंडिंगच्या ओळीत १८ होते. ते खरे २४. सेटिंगमध्ये दशमान पद्धत निवडता येते. पेंडिंगचा आकडा शून्य नसेल तर त्या डिस्कवर भरवसा ठेवू नये, वेग कितीही बरा वाटो.

एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, तोही तपासला, कारण तो खराब असेल तर नव्या डिस्कचाही बळी जातो. मशीन चालू ठेवून चार पिनांच्या प्लगवर मल्टिमीटर लावला: पिवळी-काळी ११.९, लाल-काळी ५.०५. बाराची वायर ११.४ ते १२.६ आणि पाचाची ४.७५ ते ५.२५ मध्ये असली की ठीक. मदरबोर्डवरचे कपॅसिटर वरून सपाट होते. फुगलेले असते तर एक रुपयाही घातला नसता. रॅमची पट्टी काढून सोनेरी कडा खोडरबरानं पुसली. खानापूरकडच्या पावसाळी हवेतली मशीनं 'चालू होत नाही' म्हणून येतात, त्यातली कितीतरी एवढ्यावरच चालू होतात.

निर्णय असा झाला: जुन्याला फक्त एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) आणि मदरबोर्डवरचा नवा सेल, ब्राउझरच्या कामाला दुसरं मशीन.

एसएसडी घेताना आकार नीट बघा. ४८० जीबीची स्वस्त पडते, पण ती ५०० च्या डिस्कपेक्षा लहान, आणि डिस्कची हुबेहूब कॉपी, म्हणजे क्लोन, करणारा क्लोनझिला लहान डिस्कवर सरळ कॉपी करायला नकार देतो. पार्टिशन आकसून ते जमवता येतं, पण मरायला टेकलेल्या डिस्कवर पार्टिशन हलवण्याचं धाडस नको. ५१२ ची घेतली. क्लोन करण्याआधी पत्रिकांचं फोल्डर आणि विंडोजमधलं फॉन्टचं फोल्डर हातानं बाहेरच्या डिस्कवर उतरवलं. फॉन्ट हरवले तर फाइल उघडते, पण 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. पहिला क्लोन खराब सेक्टरपाशी थांबला. एक्स्पर्टमधला 'रेस्क्यू' पर्याय लावल्यावर तो सेक्टर सोडून पुढे गेला. साडेतीन तास लागले.

केबल लावतानाही घाई नको. एच८१ च्या बोर्डवर डिस्क जोडायचे साटाचे दोन पोर्ट सेकंदाला ६ गिगाबिटचे आणि दोन ३ गिगाबिटचे असतात. रंगावर जाऊ नका, शेजारी छापलेलं वाचा.

खरा घोळ झाला तो सेलनं. जुना सीआर२०३२ उतरला होता, तारीख रोज मागे जायची, आणि तारीख चुकली की ब्राउझर प्रत्येक साइटला असुरक्षित ठरवतो. सेल बदलला की बायोसच्या, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या, सेटिंग मूळपदावर जातात. असेंबल करणाऱ्यानं डिस्क आयडीई या जुन्या मोडमध्ये ठेवली होती. ती एएचसीआय या नव्या मोडवर गेली आणि विंडोजऐवजी निळा पडदा आला, कोडच्या शेवटी ७बी. नव्या एसएसडीवर आळ घ्यायला ही वेळ अगदी सोयीची! बायोसमध्ये परत आयडीई केल्यावर विंडोज उघडली. रजिस्ट्रीत 'एमएसएएचसीआय' सेवेची 'स्टार्ट' किंमत ३ होती ती ० केली, पुन्हा एएचसीआय निवडलं, मग सुरळीत. त्याच झटक्यात पॅरलल पोर्टचा मोडही बदलला होता आणि लॉक सापडेना. मोड पुन्हा पहिल्यासारखा करून पत्ता ३७८ केल्यावर सापडलं. सेलला हात लावण्याआधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा.

आता पेजमेकर आठ-नऊ सेकंदांत उघडतो. या मशीनची लॅनची वायर कायमची काढली आहे.

दुसरं मशीन रिफर्बिश्ड घेतलं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून विंडोज ११ अधिकृतपणे चालेल असंच हवं होतं: इंटेलची किमान ८ वी पिढी, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त विश्वासू सॉफ्टवेअर चालू देणारी सोय). बेंगळुरूच्या एस. पी. रोडवर विचारा किंवा कोल्हापुरात, 'आय५ आहे' एवढंच आधी सांगतात. आय५-७५०० आणि आय५-८५०० बाहेरून सारखेच दिसतात; पहिला ४ कोरचा, ११ च्या यादीत नाही, दुसरा ६ कोरचा, यादीत आहे. आकडा स्टिकरवर नाही, स्क्रीनवर वाचायचा. जीएसटी दोन्ही राज्यांत १८ टक्केच, तेव्हा त्यासाठी सीमा ओलांडू नका. वॉरंटीला मशीन घेऊन कुठे जाणं सोपं, ते बघा.

या मशीनवर मराठी आणि कन्नड दोन्ही युनिकोडमध्ये, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर. 'क' दोन्ही भाषांत 'के'च्याच बटणावर, त्यामुळे बोटांना एकच सवय पुरते. लग्नाचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा तर इथेच टाइप होतो. जुन्या फॉन्टमधला मजकूर तिकडे चिकटवला तर पुन्हा तीच भेळ.

राहिली जुनी हार्ड डिस्क. बॅकअपला वापरायचा मोह होतो, पण २४ पेंडिंग सेक्टरांवर कोण बॅकअप ठेवणार? भंगारातही तशीच द्यायची नाही, कारण तिच्यावर गिऱ्हाइकांची आधार आणि रेशन कार्डं स्कॅन होऊन पडली आहेत. साडेतीन इंची डिस्कच्या तबकड्या बहुधा अ‍ॅल्युमिनियमच्या असतात, भोक सहज पडतं. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ड्रिल मशीनची वाण नाही. तबकड्यांतून आरपार तीन भोकं पाडून मग दिली.