रचना कोणाची?

3 डिसेंबर हा बहिणाबाई चौधरींचा स्मृतिदिन. खानदेशात त्या दिवशी रेडिओवर त्यांच्या कविता लागतातच. यंदा आमच्या छोट्या केंद्रानं ठरवलं, की आजही जात्यावर ओव्या म्हणणारी कुणी असेल तर तिचा आवाज ऐकवायचा. शोधत शोधत मी रावेर तालुक्यातल्या एका आजींच्या ओसरीवर पोचले.

माइक समोर धरला. दोन ओळी झाल्या आणि आजी अडल्या. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडल्या. "मले असं नुसतं बसून नाही येत माय. जातं फिरलं का आपोआप येतं," म्हणाल्या. सुनेनं कोपऱ्यातलं जातं पुसून पुढे ओढलं, खुंटा ठोकला, सुपात ज्वारी आणली.

जात्याची घरघर म्हणजे रेकॉर्डिंगचा वैरी, त्यात शब्द बुडतात. मी कॉलर माइक त्यांच्या पदराला खांद्यापाशी लावला, दुसरा जात्यापासून हातभर लांब ठेवला आणि हेडफोन चढवला. मग आजी थांबेचनात. एक ओळ जात्याच्या लयीत, मग घास टाकताना जराशी उसंत, मग दुसरी ओळ. पुढची ओळ त्या उसंतीतच जुळत असावी, असं मला ऐकताना सारखं वाटत होतं. माहेर, भाऊ, पंढरीची वाट हे सगळं ओळखीचं आलं आणि मधेच ही ओवी आली:

केयी भरल्या डब्यात, गेली गाडी दिल्लीले
माही आंगनाची केय, दिली कशी सुरतेले

मी दचकलेच. रावेर-सावद्याची केळी रेल्वेनं दिल्लीला जातात, ते जुन्या, पिढीजात ओवीत कुठून येणार? विचारलं, "आजी, ही कोणाची?"

"माहीच. दुसऱ्या कोनाची आसीन?" हात न थांबवता त्या म्हणाल्या. मुलगी सुरतेला दिली, त्या दिवसांत सुचलेली. कुणी लिहून घेतली नव्हती.

केंद्रावर परतल्यावर एडिटिंगला बसलो. सहकाऱ्याचं म्हणणं, मधल्या उसंती कापू, जातं खाली आणू, कार्यक्रम सुटसुटीत होईल. त्याचंही चूक नव्हतं, वेळ मोजकाच होता. मी दोन ओव्या कमी केल्या, पण उसंतींना हात लावू दिला नाही. खरा वाद झाला तो क्यू शीटवर, म्हणजे कार्यक्रमात काय वाजणार आणि ते कोणाचं, याची नोंद असते त्या कागदावर. लोकगीत म्हटलं की 'रचना' या रकान्यात 'पारंपरिक' लिहायचं, हा सगळीकडचा शिरस्ता. मी म्हटलं, या उरलेल्या चार ओव्यांपुढे आजींचं नाव येणार.

मला हे फार जिव्हाळ्याचं वाटतं. आसोद्यात 1880 साली जन्मलेल्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांचा मावसभाऊ यांनी जेवढं टिपून ठेवलं, तेवढंच हाती राहिलं. 1951 साली त्या गेल्या, मग ती वही आचार्य अत्र्यांच्या नजरेस पडली आणि 1952 साली संग्रह निघाला. घरात लिहिणारा मुलगा नसता, तर त्यांच्याही ओळी कुठल्यातरी क्यू शीटवर 'पारंपरिक' म्हणूनच गेल्या असत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या, त्यात गाणारणीचं नाव आणि गाव नोंदलेलं आहे. त्यांना हजारो बायांची नावं लिहिता आली, तर आम्हाला एक का नको? सहकाऱ्यानं हे ऐकून घेतलं आणि स्वतःच्या हातानं रकाना भरला.

मानधनाच्या फॉर्मसाठी पासबुकाची झेरॉक्स हवी होती. ती आणायला मी पुन्हा गेले, तेव्हा शेजारच्या दोघी येऊन बसल्या होत्या. एकीनं आल्या आल्या सांगितलं, "माह्याबी हायेत. पन पहिले नाव लिहून घ्या."