घराचं काम काढलंय? आधी कुंड्यांचं बघा

बाल्कनीच्या फरशा उखडायचं ठरलं की कुंड्या जिन्यात, बेडरूममध्ये, जिथे जागा दिसेल तिथे सरकवल्या जातात. पुढे झाडं मरतात आणि दोष जातो अपुऱ्या जागेला. पण खरा घात बहुतेक वेळा सिमेंटची धूळ करते.

ही धूळ पानावर बसली आणि वर पाणी पडलं की तिचा पापुद्रा धरतो, पानाची रंध्रं बुजतात. म्हणून धुळकटलेल्या झाडावर लगेच पाणी मारू नका. रंगाच्या मऊ, कोरड्या ब्रशने आधी पानं झटका, मग वरून-खालून जोराचा फवारा द्या. सिमेंट मातीत उतरलं तर मोगरा, गुलाब यांची नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. माती अल्कधर्मी झाल्याने तिच्यातलं लोह मुळांना घेता येत नाही. तिथे शेणखत घालून उपयोग नाही. वरची इंचभर माती खरवडून नवी घाला. मुळात काम चालू असेपर्यंत मातीवर गोणपाट ठेवलं तर ही वेळच येत नाही. अनंताला यातलं काहीच सोसत नाही, तो आधीच शेजारी नेऊन ठेवा.

फरशी कापायच्या दिवशी झाडांवर जुनी सुती साडी टाका, संध्याकाळी काढा. प्लॅस्टिक नकोच. पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात त्याखाली झाड उकडून निघतं.

आता जागा. 12 इंची कुंडी ओल्या मातीसकट 20 किलोच्या आसपास भरते. अशा दहा-पंधरा कुठे हलवणार? कामाच्या महिनाभर आधीच जास्वंदीची कलमं करा. पेन्सिलीएवढी जाड, 6 इंच लांब फांदी डोळ्याच्या, म्हणजे पान फुटतं त्या जागेच्या, खाली तिरकी कापायची, वरची दोनच पानं ठेवायची, तीही अर्धी. अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीला तळाशी भोकं पाडून निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), निम्मी वाळू भरा. अशा डझनभर पिशव्या भाजीच्या एका क्रेटमध्ये खिडकीच्या ग्रिलवर मावतात. तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या कागदाच्या पुडीत ठेवल्या की झालं. मनीप्लांट बाटलीत. कोरफड तीन आठवडे पाण्यावाचून राहते. कढीपत्ता मात्र फांदीपासून सहजी रुजत नाही, त्याचं मूळ झाडच सांभाळा.

सोसायटीची परवानगी असेल तर कुंड्या गच्चीवर न्या, पण विटांवर ठेवा. तापलेल्या स्लॅबवर मुळं भाजतात. पन्हाळीचं तोंडही मोकळं हवं, वळीव आला की पाणी तुंबतं.

घरातच राहिलेल्या कुंड्यांजवळ एक रिकामी बादली ठेवा आणि रंगाचे ब्रश, थापी तिच्यातच धुवायची हे कारागिरांना पहिल्या दिवशी सांगा. टर्पेंटाइन कुंडीत गेलं तर ते झाड वाचत नाही.

फरशी ॲसिडने धुतली असेल तर साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन मगच कुंड्या परत मांडा. सावलीत राहिलेल्या झाडांना पहिला आठवडा दहाच्या आतलं कोवळं ऊनच पुरे.