कुर्ल्याला उतरायचं होतं

परवा रात्री करी रोडच्या प्लॅटफॉर्मवर उभी होते, अकरा पन्नास झाले असतील, कानात अजून बासचा दणका, हिल्स बॅगेत आणि पायात आईच्या बाथरूमच्या स्लिपर, आणि शेजारी बडबडायला कोणीच नाही. म्हणून हे लिहितेय. एका मैत्रिणीबद्दल आहे, तिला इथे चिंगी म्हणते, खरं नाव टाकलं तर मारेल.

आमची ओळख ससून डॉकची. 2017 च्या शेवटी तिथे जुन्या गोदामात स्ट्रीट आर्टवाल्यांनी प्रदर्शन भरवलेलं, भिंतीवर कोळी लोकांचे हे मोठाले ब्लॅक अँड व्हाईट फोटो, आत इन्स्टॉलेशन्स, आणि सगळीकडे मासळीचा वास. मी कॉलेजच्या ग्रुपबरोबर, नाकाला ओढणी लावून. मागून आवाज आला, "जेवताना नाही का गं येत हा वास?" वळून बघितलं तर ही, जेजे स्कूल ऑफ आर्टला फर्स्ट इयर, हाताला रंग, घर बेलापूरच्या दिवाळे गावात आणि घरची होडी. मी ठाण्याच्या वर्तकनगरची, बोंबील खाणारी पण बाजारात जायला कंटाळा करणारी. ओढणी खाली घेतली आणि म्हटलं येतो, पण तेव्हा भूक लागलेली असते. तिथून जमलं ते जमलंच.

मग सुरू झालं फिरणं. जानेवारीत गॅलरी वीकेंड असतो तेव्हा कुलाबा-फोर्टच्या गॅलऱ्या उशिरापर्यंत उघड्या, ओपनिंगला फुकट वाईन मिळते, चिंगीच्या भाषेत "तीर्थ", आणि चीजचे तुकडे एवढे एवढे की आम्ही आधी सीएसएमटीला वडापाव हाणूनच जायचो. फेब्रुवारीत काळा घोडा. मधल्या काळात जहांगीर, तिथे तिकीट नाही आणि एसी आहे, तिथला हॉल मिळायला आर्टिस्टला वर्षानुवर्षं वेटिंग असतं हे मला तिनेच सांगितलं, आणि कुठल्या चित्रासमोर किती वेळ उभं राहिलं की लोकांना आपण भारी वाटतो तेही. शनिवारी लोअर परळला गिग. लेडीज नाईटला मुलींना एन्ट्री फ्री म्हणून आम्ही शहाण्या, पण आत पाण्याची बाटली कितीला ते विचारू नका. माझ्या आजोबांनी तिथेच एका मिलमध्ये थर्ड शिफ्ट केली, 1982 च्या संपापर्यंत. घरी पहिल्यांदा सांगितलं की रात्री लोअर परळला जातेय तर आई गप्प, आणि आजी म्हणाली जाऊ दे गं, आमचे पण रात्री तिकडेच असायचे.

आता ठाण्याच्या मुलीची नाईटलाइफ म्हणजे काय हे बांद्र्याच्या लोकांना कळत नाही. डीजे बरोबर साडेअकराला चांगला वाजवायला लागतो आणि आपण बरोबर तेव्हाच कोट शोधतो, म्हणजे कोट कसला, ड्रेसवर घालायचा लांब कुर्ता. कोणीतरी म्हणतंच "इतक्या लवकर?" साडेबाराच्या आसपास शेवटच्या गाड्या, त्या चुकल्या की पहाटे चारपर्यंत बसा नाहीतर कॅबला आठवड्याचा डबा विका. चिंगीचं त्यावर एक लाडकं भाषण होतं. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून पहिली गाडी सुटली ती ठाण्यालाच आली ना, चौदा डबे, चारशे निमंत्रित, 21 तोफांची सलामी, म्हणजे मुंबईतली पहिली गेस्टलिस्ट ठाण्याची होती, आणि आज आपल्याला गेस्टलिस्टमध्ये प्लस वन मिळत नाही. हे ती क्लबच्या दारातल्या बाउन्सरला पण ऐकवायची. एकदा त्याने हसून सोडलं, तो कळव्याचा निघाला.

तर मुद्दा कुर्ल्याचा. करी रोडहून आम्ही दोघी स्लो लोकल पकडायचो, तिला कुर्ल्याला उतरून हार्बर पकडायची आणि मी पुढे ठाण्याला. पहिल्या वेळी काहीतरी बोलणं चालू होतं, बहुतेक तिच्या त्या बॉयफ्रेंडबद्दल जो स्वतःच्या इन्स्टॉलेशनवर चपला वाळत घालायचा, "पुढील स्टेशन कुर्ला" झालं, गाडी थांबली, ही उठून दारापर्यंत गेली, आणि "थांब, एवढं संपवते" म्हणून परत येऊन बसली. गाडी सुटली. ते "एवढं" मुलुंडपर्यंत पण संपलं नाही. ठाण्याला उतरलो तर तिथून नवी मुंबईला जाणारी ट्रान्स हार्बर बंद झालेली, मग रिक्षा, बारानंतरचा सव्वापट मीटर (मीटर टाकला तर), आणि आमच्या हॉलमध्ये गादी. सकाळी आईने पोहे करताना विचारलं, हिचं घर कुठे? बेलापूर. मग ही इथे कशी? मी म्हटलं, झोप लागली गाडीत.

त्यानंतर ती कुर्ल्याला उतरलीच नाही. चार-पाच वर्षं. लॉकडाऊन सोडून. गादीवर पडून पहाटेपर्यंत आम्ही काय काय बोललो ते इथे नाही लिहिणार, पण मी नोकरी सोडायची नाही हे त्या गादीवर ठरलं आणि तिने लग्नाला नाही म्हणायचं हे पण. तिच्याकडे गेले की तिची आई दारातूनच "जेवलीस का बाय" आणि उत्तराची वाट न बघता ताट.

मधे तिने भिंती रंगवायचं काम घेतलं. नवी मुंबईत फ्लायओव्हरखाली मोकळी भिंत दिसली की फ्लेमिंगो येतोच, त्यातले बरेच आमच्या बाईचे. पैसे स्क्वेअर फुटावर आणि तेही कॉन्ट्रॅक्टरच्या मूडवर. एकाने तिला सांगितलं मॅडम गुडघा उलटा झालाय, सरळ करा. ही शिडीवरून खाली उतरून त्याला शिकवत बसली की तो गुडघा नाहीच, तो घोटा आहे, गुडघा वर पिसांत लपलेला असतो. उन्हात अर्धा तास. त्याला पटलं नाही, पण भिंत तशीच राहिली.

आणि मग मागच्या वर्षी फोर्टला तिचा पहिला ग्रुप शो झाला. घरचं जुनं जाळं, त्यात भिंतीवरचा तोच गुलाबी रंग. मी ऑफिसमधून हाफ डे टाकून गेले. भारी होतं, खोटं नाही बोलत, आणि ती कोणाशी तरी बोलता बोलता माझ्याकडे हात करून म्हणाली, "शी इज माय फ्रेंड फ्रॉम ठाणे."

फ्रॉम ठाणे.

बरोबरच आहे ना, आहेच मी ठाण्याची. पण मला जे लागलं ते लागलं. त्या रात्री मी एकटीच निघाले, डोकं दुखतंय सांगून. पुढच्या महिन्यात तिने बांद्र्याला तिघींमध्ये खोली घेतली, मी सामान उचलायला गेले, कुंडी पण नेली, आणि विषय दोघींनीही काढला नाही. मी काढायला हवा होता का? माहीत नाही, मला भांडणं गाडीत जमतात, घरात नाही जमत.

आता गिग संपला की ती लोअर परळ स्टेशनला जाते, वेस्टर्न, आणि मी करी रोडला. दोन्ही स्टेशनं चालत दहा मिनिटांवर. मधे तो डिलाईल रोडचा पूल, जो पाडून बांधायला 2018 ते 2023 घेतली. परवा त्या पुलाजवळ उभं राहून आम्ही अर्धा तास घालवला, तिची एक गाडी गेली, माझी पण गेली, मग ती म्हणाली चल निघ, तुझं लांब आहे. मिठी मारताना माझ्या कुर्त्याला तिच्या कानातलं अडकलं. लाइव्ह लोकेशन चालू केलं का? केलं. बॅटरी? बावीस टक्के.

लेडीज डब्यात एक पोलीस डुलक्या घेत होता आणि एक मावशी रिकाम्या टोपलीला टेकून बसलेल्या. दादर गेलं, सायन गेलं. तेवढ्यात फोन वाजला.

"कुर्ला आलं का?"

मी लिहिलं, आलं.

"उतरू नको."