दूध उलटतंय, पण वजन वाढतंय ना?

ब्रिटनमध्ये बाळाला घेऊन घरी आलं की आधी मिडवाइफ येऊन बाळ-बाळंतिणीला तपासून जाते, आणि बाळ दहा-चौदा दिवसांचं झालं की हेल्थ व्हिजिटर येते. ही परिचारिका किंवा मिडवाइफच असते, लहान मुलांच्या देखरेखीचं खास शिक्षण घेतलेली. ती आली तेव्हा मी तिला आधी दुधाने भिजलेली फडकी दाखवली. आमची लेक प्रत्येक पाजणीनंतर गुळणी टाकत होती. कधी दूध नाकातूनही यायचं. मग पाठ मागे ताणून, पाय झाडत ती रडायची, आणि संध्याकाळी तर थांबायचीच नाही. बाईंनी फडकी बघितली, मान हलवली आणि म्हणाल्या, "आधी वजन करू."

इथे प्रत्येक बाळाला एक लाल वही मिळते. लसी, तपासण्या, वजन, उंची सगळं तिच्यात, आणि मागे वाढीचे आलेख. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनाला परत येतं. पुढे त्या आलेखावरच्या एखाद्या रेषेच्या आसपास ते चढत राहिलं पाहिजे. आमच्या लेकीचा ठिपका आपल्या रेषेवर होता. बाईंनी तो मला दाखवला आणि मगच दुधाकडे वळल्या. त्या क्रमानेच मला पुढचे महिने तारून नेलं. भारतातून घरचे सगळे फोनवर विचारत राहिले, "आज किती वेळा उलटी झाली?" विचारायला हवं होतं ते "वजन वाढतंय का, शू नीट होतेय का, मधल्या वेळात ती खुशीत असते का?" पोटातलं दूध असं वर येण्याला रिफ्लक्स म्हणतात, आणि या आजाराविषयी मला मुख्य सांगायचंय ते हेच.

खरं तर बहुतेक बाळांच्या बाबतीत याला आजार म्हणायचंच कारण नाही. अन्ननलिका आणि जठर यांच्या सांध्यावर एक स्नायूचं कडं असतं. घास खाली उतरला की ते आवळायचं आणि पोटातलं वर येऊ द्यायचं नाही, हे त्याचं काम. तान्ह्या बाळात ते अजून तयार झालेलं नसतं, मधूनच सैल पडतं. त्यात बाळाची अन्ननलिका आखूड, आहार सगळा पातळ आणि दिवसाचा बहुतेक वेळ आडवं पडून राहणं. मग दूध वर येणारच. ब्रिटनमधल्या डॉक्टरांसाठी नियमावली काढणारी 'नाइस' नावाची संस्था आहे. तिच्या 2015 च्या नियमावलीप्रमाणे किमान 40 टक्के बाळांना हे होतं, बहुतेकदा 8 आठवड्यांच्या आत सुरू होतं, काहींना दिवसात 6 किंवा जास्त वेळा होतं, आणि 90 टक्के बाळांचं वर्षाच्या आत आपोआप थांबतं. बाळ खाऊन-पिऊन मजेत असेल तर ना तपासण्या लागतात, ना औषध.

उलटी किती मोठी हे डोळ्यांना नीट कळत नाही. चमचाभर, म्हणजे 5 मिलि दूध कोरड्या सुती फडक्यावर ओतून बघा. डाग तळहाताएवढा पसरतो आणि वाटतं, सगळं पाजलेलं बाहेर आलं. मी हे करून बघितलं आणि फडक्यांकडे बघून पोटात गोळा येणं बरंच कमी झालं.

पण दूध बाहेर येणं वेगळं आणि बाळाला त्याचा त्रास होणं वेगळं. आमच्या लेकीला त्रास होत होता, आणि तिला शांत करण्याचं काम जवळजवळ सगळं आमच्या हातांचं होतं. इथे आम्ही दोघंच. मांडीवर घ्यायला तिसरं कोणी नाही. म्हणून जे उपयोगी पडलं ते जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात पाजण्यापासून. अंगावर पाजत असाल तर बाळाने स्तन नीट तोंडात धरलाय का, हे जाणकार माणसाकडून एकदा बघून घ्यायचं. उथळ धरलं की दुधाबरोबर हवा जाते. आमच्याकडे बाईंनी शेजारी बसून एक अख्खी पाजणी बघितली, माझी बसण्याची पद्धत थोडी बदलली आणि मला मागे रेलायला लावलं, म्हणजे दुधाची धार जोरात जाणार नाही. बाटलीने पाजताना निपल संथ धारेचं हवं, बाटली जवळपास आडवी हवी आणि मधे मधे थांबायला हवं. एकदम पोटभर पाजण्यापेक्षा थोडं थोडं, पण जास्त वेळा. बाळ रडलं की भूक लागली असेल म्हणून पुन्हा पाजायचं, याने आधीच भरलेलं पोट आणखी भरतं.

मग ढेकर. खांद्यावर टाकून थोपटण्यापेक्षा आमच्या लेकीला मांडीवर बसवणं मानवायचं. माझा एक तळवा तिच्या छातीवर, अंगठा आणि तर्जनी जबड्याच्या दोन बाजूंना, गळ्यावर अजिबात दाब नाही. धड किंचित पुढे झुकलेलं, पण पोटाची घडी पडलेली नाही. दुसरा हात पाठीवर खालून वर, हळूहळू. कधी लगेच ढेकर यायची, कधी यायचीच नाही. नाही आली तरी हरकत नाही, पुढचा भाग जास्त महत्त्वाचा: अर्धा तास तरी तिला उभं धरायचं. छातीला छाती, डोकं माझ्या खांद्याशी, पाठ सरळ. या अर्ध्या तासात झुलवणं नाही, उडवणं नाही. डायपर पाजण्याआधी बदलायचा, नंतर नाही, आणि कमरेशी सैल ठेवायचा. बदलताना दोन्ही पाय पोटावर दाबण्यापेक्षा बाळाला कुशीवर वळवायचं. कारसीटमध्ये अर्धवट बसवून ठेवल्याने बरं वाटेल असं वाटतं, पण तिथे पोट दुमडतं आणि दूध उलट जास्त येतं. कारसीट प्रवासापुरती.

झोपेवरून घरी बरेच वाद झाले, तेही फोनवर. आईचं म्हणणं, "पालथी घाल, पोटाला बरं वाटेल." सासूबाईंचं म्हणणं, "निदान डोक्याखाली उशी तरी दे, उताणी झोपवलीस तर दूध घशात अडकेल." दोघींची काळजी खरी होती आणि ती भीती मलाही होती. म्हणून मी डॉक्टरांना थेट विचारलं. त्यांनी कागदावर दोन नळ्या काढून दाखवल्या. बाळ उताणं असतं तेव्हा श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका खाली. वर आलेलं दूध श्वासनलिकेत शिरायचं तर त्याला वर चढावं लागतं. बाळ पालथं झालं की उलटं होतं: अन्ननलिका वर येते आणि दूध खाली, श्वासनलिकेच्या तोंडाशी साचू शकतं. शिवाय बाळ गिळून किंवा खोकून स्वतःला सांभाळतंच. बाळाला उताणं झोपवायची मोहीम ब्रिटनमध्ये 1991 च्या अखेरीस सुरू झाली आणि पाळण्यातल्या अचानक मृत्यूंचं प्रमाण काही वर्षांतच निम्म्याहून खाली आलं. रिफ्लक्स असलेल्या बाळालाही हाच नियम आहे: उताणं, सपाट, घट्ट गादीवर, उशीशिवाय. उतरत्या गादीवर बाळ खाली घसरतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वास कोंडतो. अमेरिकेने तर 2022 मध्ये कायदा करून 10 अंशांहून जास्त उतार असलेली बाळांची झोपण्याची साधनं विकायला बंदी घातली. पालथं घालायचं ते बाळ जागं असताना, आपल्या डोळ्यांसमोर, आणि पाजल्या पाजल्या नाही.

मांडीवर झोपलेलं बाळ खाली ठेवलं की जागं होतं, ही तर घरोघरची गोष्ट. पण रिफ्लक्सच्या बाळाच्या घरात त्यावर सगळी रात्र अवलंबून असते. जपानच्या रिकेन संस्थेतल्या कुमी कुरोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022 मध्ये यावर अभ्यास छापला. रडणाऱ्या बाळाला घेऊन 5 मिनिटं सलग चालायचं. झोप लागली की लगेच ठेवायचं नाही, 5 ते 8 मिनिटं घेऊन बसायचं आणि मग ठेवायचं. बाळाचं अंग आपल्या अंगापासून सुटतं त्या क्षणी त्याच्या हृदयाचे ठोके वाढतात, आणि झोप जरा मुरलेली असली तर ते जागं होत नाही, असं त्यांना दिसलं. आमचा अनुभव असाच. नुसतं उभं राहून डोलण्यापेक्षा खोलीत एका लयीत येरझाऱ्या घालणं तिला जास्त लागू पडायचं. तेही ढेकर आणि तो अर्धा तास झाल्यावरच.

औषधाबद्दल लोक सगळ्यात आधी विचारतात आणि इथले डॉक्टर सगळ्यात शेवटी बोलतात. मला ते पटलं. पाजण्याची पद्धत सुधारूनही बाळाला खूप त्रास होत असेल तर अल्जिनेट नावाचं, पोटातलं दूध दाट करणारं औषध एक-दोन आठवडे देऊन बघतात. बाटलीच्या दुधावरच्या बाळांना आधी दाट केलेलं दूध देतात. ते आणि अल्जिनेट एकत्र द्यायचं नसतं. आम्हाला डॉक्टरांनी अल्जिनेट दिलं. गुळण्या कमी झाल्या, पण शी कडक व्हायला लागली, म्हणून त्यांना विचारून काही काळाने बंद केलं. ओमेप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी औषधं त्याच्या पुढची पायरी. त्यांनी दूध वर यायचं थांबत नाही, वर येणाऱ्या दुधातलं आम्ल तेवढं कमी होतं. नुसत्या गुळण्यांसाठी ती देऊ नयेत, असं नाइसची नियमावली स्पष्ट सांगते. पोटातलं आम्ल जंतूंनाही अडवत असतं, ते उगीच कमी करू नये. कुणाच्या मुलाला पूर्वी रॅनिटिडिन नावाचं आम्ल कमी करणारं औषध दिलं होतं म्हणून तेच आणू नका. त्यात एनडीएमए नावाचा घातक घटक सापडल्यामुळे अमेरिकेत औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने 2020 मध्ये ते बाजारातून काढायला लावलं. एका बाळाची चिठ्ठी दुसऱ्याला चालत नाही.

आता जिथे थांबायचं नाही, सरळ डॉक्टरांकडे जायचं, ते. उलटी हिरवी असेल तर आतड्यात अडथळा असू शकतो, एक तासही घालवू नका. पहिल्या दोनेक महिन्यांत प्रत्येक पाजणीनंतर उलटी जोरात लांब फेकली जात असेल आणि बाळ लगेच पुन्हा भुकेजलेलं असेल, तर जठराचं खालचं तोंड अरुंद झालेलं असू शकतं. त्याला शस्त्रक्रिया लागते आणि ती चांगली होते. उलटीत किंवा शीमध्ये रक्त, फुगलेलं कडक पोट, ताप, वर आलेली टाळू, मलूल पडलेलं बाळ, शू कमी होणं, दूध प्यायलाच नकार, वजन न वाढणं, यापैकी काहीही दिसलं तर "रिफ्लक्सच असेल" म्हणून घरी बसू नका. अंगावर चट्टे आणि शीमध्ये चिकट आव किंवा रक्त असेल तर गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी आहे का, हे डॉक्टर पडताळून बघतात. सहा महिन्यांनंतर नव्यानेच सुरू झालेल्या किंवा वर्षानंतरही चालू राहिलेल्या उलट्याही दाखवायच्या.

आणि सगळं रडणं रिफ्लक्सचं नसतं. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रॅझल्टन यांनी 1962 मध्ये धडधाकट बाळांच्या रडण्याच्या नोंदी छापल्या. सहाव्या आठवड्याच्या सुमारास ती बाळं दिवसाला पावणेतीन तासांच्या आसपास रडत होती, आणि नंतर ते उतरत गेलं. म्हणजे रिफ्लक्स नसता तरी आमच्या संध्याकाळी सोप्या नव्हत्याच. रडणं अगदी असह्य झालं तर बाळाला पाळण्यात उताणं ठेवून दार ओढून पाच मिनिटं बाहेर जायचं, असं इथे प्रत्येक आई-वडिलांना सांगतात. बाळाला कधीही, काहीही झालं तरी गदगदा हलवायचं नाही. मेंदूला इजा होते, जीवही जातो. नवरा आणि मी रात्र वाटून घेतली होती. ज्याची पाळी नसेल त्याने दुसऱ्या खोलीत, दार लावून, खरोखर झोपायचं.

दूर असलेल्यांनी काय करावं, असं घरचे विचारायचे. त्याचं उत्तर त्या उभं धरण्याच्या अर्ध्या तासात मिळालं. रात्री सोफ्यावर बाळाला घेऊन बसलेल्या आईला डुलकी लागणं फार धोक्याचं असतं. बाळ खाचेत सरकून गुदमरू शकतं. हात अडकलेले, डोळे मिटत आलेले, आणि जागं तर राहायलाच हवं. इथले हिवाळ्यातले रात्रीचे दोन म्हणजे भारतातले सकाळचे साडेसात. मग मी खुर्चीत ताठ बसून, फोन स्पीकरवर टाकून, आईला लावायचे. तिने उपाय सांगायचे नाहीत, तिच्या सकाळच्या गप्पा मारायच्या, मला मधे मधे प्रश्न विचारायचे आणि मी उत्तर दिलं नाही तर मोठ्याने हाक मारायची, असं ठरलं होतं. सासूबाईंनी पुढे पहाटेच्या पाजणीची वेळ स्वतःकडे मागून घेतली. तुमची लेक किंवा सून परदेशात असं बाळ सांभाळत असेल तर तिच्या रात्रीच्या पाजणीच्या वेळा विचारून घ्या आणि त्यातली एक स्वतःकडे ठेवा.