दुसऱ्या बोलीची वाट

"घड्याळांना सरळ किंमत लावून का विकत नाही? दहा डॉलरपासून बोली सुरू केलीत आणि घड्याळ तेवढ्यावरच गेले, तर?" हा प्रश्न मला ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या इमारतीत विचारला जातो, तलावपाळीवर फिरताना विचारला जातो आणि वर्षातून एकदा कर सल्लागारही तो विचारतात. कारण जुनी घड्याळे मी ईबेवर, म्हणजे परदेशी गिऱ्हाईक येते अशा ऑनलाइन बाजारात, लिलावाने विकते. आजोबांचे घड्याळ दाखवायला येण्याआधी तुम्हीही तोच विचारलात, म्हणून या वेळी सविस्तर लिहिते.

माझ्या वडिलांचे जांभळी नाक्याजवळ घड्याळदुरुस्तीचे दुकान होते. ते बंद झाले तेव्हा लाकडी खणांचे एक कपाट घरी आले आणि त्या खणांत बटरपेपरच्या पुड्यांमध्ये बांधलेल्या एचएमटीच्या चाव्या, काटे, काचा, डायल आणि काही न विकली गेलेली घड्याळे निघाली. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला सुरू झालेला हा घड्याळांचा कारखाना पुढे सेलवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळांच्या लाटेत मागे पडला आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिली. कारखाना थांबल्यावर सुटे भाग येणेही थांबले, आणि आई ज्याला 'तुझ्या बाबांचा भंगारखाना' म्हणत असे, त्या कपाटाला अचानक गिऱ्हाईक आले.

सगळेच मी लिलावात विकत नाही, हे आधी सांगायला हवे. एचएमटीच्या 'जनता' या साध्या घड्याळाच्या काचा किंवा पट्ट्याच्या पिना यांचा भाव मला ठाऊक आहे, म्हणून त्यांना मी सरळ किंमत लावते आणि त्या निमूट विकल्या जातात. लिलाव ठेवते तो ज्या वस्तूची किंमत मलाच ठाऊक नाही तिचा. जगात मोजक्या पाच-सात माणसांनाच हवे असलेले एखादे डायल पाचशे रुपयांचे की पाच हजारांचे, हे मी खुर्चीत बसून ठरवू शकत नाही. कमी लावली तर मी फसते आणि जास्त लावली तर वस्तू वर्षभर पडून राहते.

आता त्या दहा डॉलरच्या भीतीविषयी. ईबेसारख्या ठिकाणी बोली लावणारा आपली कमाल रक्कम गुप्तपणे नोंदवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने लागेल तेवढीच बोली चढवत जाते. समजा एकाने ६० डॉलरपर्यंतची तयारी ठेवली आणि दुसऱ्याने ३५ पर्यंतची, तर वस्तू पहिल्याला मिळते, पण ३५ च्या किंचित वरच्या भावात. म्हणजे माझ्या घड्याळाची किंमत ते जिंकणारा ठरवत नाही, हरणारा ठरवतो! दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवर भाव ठरवण्याच्या या पद्धतीची गणिती मांडणी १९६१ मध्ये विल्यम विक्री या अर्थतज्ज्ञांनी केली आणि १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. आडनाव मराठी कानाला इतके समर्पक वाटावे असे दुसरे उदाहरण मला तरी माहीत नाही. आमच्या वाशीच्या बाजारात हापूसचा भाव रुमालाखाली बोटे दाबून ठरत आला आहे, तिथे शेजारच्याने किती दिले हे कळू नये अशी सोय असते. इथे उलट आहे. हरणाऱ्याची रक्कम साऱ्यांना दिसते आणि जिंकणाऱ्याची खरी तयारी कोणालाच कळत नाही.

तेव्हा माझे सगळे काम एवढेच आहे की पहिल्या शौकिनाबरोबर दुसराही त्या दिवशी हजर असावा. लिलाव मी रविवारी रात्री साडेअकराला संपेल असा लावते, कारण तेव्हा लंडनमध्ये उन्हाळ्यात संध्याकाळचे सात वाजलेले असतात. पण वेळेपेक्षा कठीण आहे तो विश्वास. जुन्या घड्याळांच्या परदेशी शौकिनांत 'मुंबई स्पेशल' अशी एक शिवीच रूढ आहे: डायल नव्याने रंगवलेले, काटे एका घड्याळाचे, मशीन दुसऱ्याचे, आणि वर 'अस्सल' असा मथळा. ठाण्याहून पार्सल पाठवणाऱ्या बाईकडे ते याच चष्म्यातून पाहणार, हे उघड आहे.

आणि त्यांचे पाहणे चुकीचे म्हणायला मला तोंड नाही, कारण सुरुवातीच्या काळात मी स्वतःच रंगवलेल्या डायलचे एचएमटीचे एक 'पायलट' घड्याळ अस्सल म्हणून विकले होते. घेणाऱ्याने भांडण केले नाही, फक्त मोठा करून एक फोटो पाठवला. मिनिटांच्या रेषा काठाशी एकसारख्या थांबत नव्हत्या आणि आकड्यांच्या कडा ओल्या कागदावर शाई फुटावी तशा पसरल्या होत्या. वडिलांचे भिंग डोळ्याला लावून मी हे पाच मिनिटांत पाहू शकले असते, पण डायल इतके चकचकीत होते की मला शंकेऐवजी आनंदच झाला. पैसे परत केले. तेव्हापासून मागचे झाकण उघडून मशीनचा, डायलच्या तळाच्या बारीक अक्षरांचा आणि प्रत्येक ओरखड्याचा फोटो लावल्याशिवाय मी घड्याळ लिलावाला काढत नाही, आणि वर्णनाची सुरुवात दोषांपासून करते: चावी बदललेली आहे, काच नवी आहे, दिवसाला अमुक मिनिटे पुढे जाते. दोष वाचून पळणारे लोक एरवीही दहा डॉलरच्या पुढे गेले नसते. जे थांबतात त्यांना आपण नेमके कशावर पैसे लावतो आहोत ते कळते आणि म्हणून ते मोकळ्या हाताने लावतात.

देवनागरीत 'जनता' लिहिलेले एक घड्याळ माझ्याकडे आले होते. त्याच्या मागच्या झाकणावर वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याने कामगाराला '२५ वर्षे सेवा' म्हणून दिल्याची अक्षरे कोरलेली होती. मला वाटले, कोरीव मजकुराने भाव पडेल, म्हणून झाकण बदलावे काय असा मोह झाला, कारण खणात कोरे झाकण होते. शेवटी कामगाराचे नाव कागदाच्या पट्टीने झाकून फोटो लावला आणि मजकुराचा अर्थ खाली लिहिला. शेवटच्या दहा मिनिटांत दोघांची अशी जुंपली की तेच घड्याळ साध्या जनताच्या जवळपास तिप्पट भावाला गेले. ज्याला मी डाग समजत होते, त्याचेच ते दोघे शौकीन निघाले.

दुसरा माणूस आला नाही तर भाचीच्या नावाने खाते उघडून बोली चढवावी, असा सल्ला मला पुरेशा सज्जन माणसांनी दिला आहे. त्याला नियमांत बंदी आहे आणि ती लबाडीच आहे. शिवाय एखादे वेळी भाचीच जिंकते, आणि मग आपलेच घड्याळ आपणच विकत घेऊन वर कमिशन भरायची पाळी येते.

तुमची भीती अगदी खोटी नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांवरची सीमाशुल्काची सूट काढून घेतली आणि आपल्या टपाल खात्याने तिकडची बहुतेक पार्सले काही आठवडे स्वीकारणेच थांबवले. माझ्याकडे त्याच आठवड्यात लष्करी बाणाची खूण असलेले एक घड्याळ लिलावावर होते, आणि त्याचे अर्धे चाहते अमेरिकेतले. शेवटपर्यंत एकच बोली लागली, तीही पायाची. दहा डॉलरला ते इंग्लंडला गेले, आणि मी ते नेहमीइतक्याच निगुतीने बांधले, कारण बोली लागली की शब्द दिला गेला. तेव्हापासून खरोखर दुर्मीळ वस्तूला मी, जिच्याखाली विकायचे नाही अशी, राखीव किंमत ठेवते, जिला आपल्याकडच्या लिलावात सरकारी बोली म्हणतात. तिने काही लोक बिचकतात, पण झोप लागते.

तुमच्या आजोबांचे जे घड्याळ तुम्ही मला दाखवणार आहात, त्याची काच कृपया बदलू नका, डायल कोणाकडून उजळून घेऊ नका आणि झाकण पॉलिश करू नका. पट्टा कुजलेला असला तरी तसाच राहू द्या. शनिवारी सकाळी घेऊन या, झाकण उघडून भिंगाखाली पाहू.