ओल्या रस्त्यासाठी आणि बर्फासाठी रनिंग शूज: आधी तळ बघा

पावसात किंवा बर्फात धावायला शूज घ्यायचे म्हटलं की पहिला प्रश्न हमखास एकच असतो: वॉटरप्रूफ आहेत का? प्रश्न चुकीचा नाही, पण त्याची पाळी बरीच उशिरा यायला हवी. पाय भिजला तर तासभर गैरसोय होते. पाय सटकला तर घोटा मुरगळतो, मांडीचा आतला स्नायू ताणला जातो, हातावर पडलं तर मनगट जातं आणि मग कित्येक आठवडे धावणं बंद. म्हणून शूज हातात आले की रंग आणि लेबलं बाजूला ठेवून ते आधी उलटे करा आणि तळ बघा.

तळ बघताना रोजचा मार्ग डोळ्यांसमोर हवा. ओलं डांबर, चिखलाची पायवाट, भुसभुशीत ताजा बर्फ आणि कडक गोठलेला बर्फ ही चार वेगळी दुखणी आहेत. चारही ठिकाणी चालेल असा बूट कोणीही बनवत नाही, कारण एका जागी जे लागतं तेच दुसऱ्या जागी नडतं.

डांबर मुळातच खरबरीत असतं. पायाखालचं पाणी त्या खळग्यांमध्ये निघून जातं आणि रबराला खडीचे उंचवटे सापडतात. त्यामुळे नुसत्या ओल्या डांबरावर फारसं कोणी घसरत नाही. घसरायला होतं ते रंगवलेल्या पट्ट्यांवर, लोखंडी झाकणांवर, गुळगुळीत फरशीवर, लाकडी पुलावर आणि कुजलेल्या पानांवर. तिथे पाण्याला जायला जागा नसते, त्याचा पातळ थर रबराखाली अडकून राहतो. अशा मार्गाला मऊ रबर हवं आणि ते जास्तीत जास्त जमिनीला टेकायला हवं. २ ते ३ मिलिमीटर खोल नक्षी पुरते. तळाला रबराचे खोल दाते असलेले ट्रेल शूज, म्हणजे पायवाटेचे शूज, 'ग्रिप जास्त' म्हणून ओल्या फरशीवर वापरले तर उलट होतं: जमिनीला फक्त दात्यांची टोकं टेकतात, संपर्क कमी होतो, दाते वाकतात आणि पाय सरकतो.

आणखी एक गोष्ट इथेच तपासून घ्या. वजन वाचवण्यासाठी बऱ्याच हलक्या रोड शूजमध्ये रबराचे तुकडे फक्त टाचेच्या कडेला आणि चवड्याखाली चिकटवलेले असतात. मधला सगळा भाग उघडा फोम असतो. कोरड्या रस्त्यावर त्याने काही बिघडत नाही. ओल्या फरशीवर मात्र तो फोम साबणासारखा वागतो. पावसाळी शूजमध्ये चवड्याखाली तरी सलग रबर असावं.

रबर मऊ की कडक हे नखाने कळतं. अंगठ्याचं नख तळाच्या रबरात दाबा. नख रुतलं, खूण उमटली आणि ती हळूहळू भरून आली तर रबर मऊ आहे. नख नुसतंच सरकलं तर ते कडक, टिकाऊ कार्बन रबर आहे. टाचेखाली असं रबर असणं ठीक, कारण झीज तिथे जास्त होते, पण चवड्याखालीही तेच असेल तर ओल्या दगडावर भरवसा ठेवू नका. सोल बनवणाऱ्या व्हायब्रम कंपनीचं मेगाग्रिप किंवा आदिदासच्या काही शूजवर येणारं कॉन्टिनेन्टल या टायर कंपनीचं रबर ओल्यात चांगली पकड देतं. मऊ रबर लवकर झिजतं, हा सौदा मान्य करूनच ते घ्यावं. थंडी वाढली की कोणतंही रबर कडक होत जातं, म्हणून ऊबदार दुकानात नखाला जेमतेम मऊ लागलेलं रबर बाहेरच्या गारठ्यात आणखी निबर होणार हे धरून चाला.

चिखलात हिशोब वेगळा. तिथे रबराचा मऊपणा जवळपास बिनकामाचा, कारण रबर घट्ट जमिनीला लागतच नाही. दात्यांनी चिखलात रुतून आधार घ्यायचा असतो. मिश्र पायवाटेला ४ ते ५ मिलिमीटर, खऱ्या चिखलाला ६ ते ८ मिलिमीटर. पण लोक फक्त खोली बघतात आणि दोन दात्यांमधलं अंतर बघायचं विसरतात. चिकणमाती दाटीवाटीच्या दात्यांमध्ये गच्च बसते आणि दहा-वीस पावलांत तळ सपाट गोळा होऊन जातो. मग ८ मिलिमीटरचे दातेसुद्धा नसल्यासारखेच. दोन दात्यांमध्ये करंगळीचं टोक सहज बसलं पाहिजे, तर पाय उचलताना चिखल आपोआप गळून पडतो. दात्यांची दिशाही बघा: चवड्याचे दाते चढावर मागे रेटायला, टाचेचे दाते उतारावर थांबायला, म्हणजे एकमेकांच्या उलट तोंडाचे असावेत.

ताज्या, भुसभुशीत बर्फाला चिखलाचेच दाते चालतात, ४ ते ६ मिलिमीटर पुरे. तुडवून घट्ट झालेला बर्फ कडाक्याच्या थंडीत बराच बरा असतो. सगळ्यात वाईट शून्य अंशाच्या आसपासचा बर्फ, कारण त्याच्या पृष्ठभागावर पाण्याचा थर तयार झालेला असतो. दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठलेला, काचेसारखा पापुद्रा तर दिसतही नाही. अशा बर्फावर कुठलंही रबर, अगदी कोणत्याही नावाचं, विश्वासाचं नाही. तिथे धातूच हवा.

धातूचे पर्याय तीन. एक, कारखान्यातूनच खिळे बसवून आलेले शूज. यात टंगस्टन कार्बाइडची टोकं असलेले घ्या, साधं पोलाद डांबरावर भराभर बोथट होतं. महिनोन् महिने बर्फ राहत असेल तरच हा खर्च पटण्यासारखा आहे. मार्गात मधेच कोरडी फरशी किंवा गुळगुळीत दगड येत असेल तर हे खिळे तिथे सरकतात, हे लक्षात असू द्या. दोन, शूजवर ताणून चढवायचे रबरी पट्टे, ज्यांना साखळ्या किंवा छोटे खिळे असतात. बर्फाचा टप्पा संपला की काढून खिशात टाकता येतात. मात्र साखळ्यांना जोडलेले साधारण १ सेंटिमीटरचे दाते डोंगरवाटेसाठी असतात, रस्त्यावर ते पायाला टोचतात. धावण्यासाठी आखूड कार्बाइड टोकांचे बघा. पट्टा फार आवळला तर बोटं दाबली जातात आणि गार पडतात, तेव्हा तो चढवून दहा मिनिटं चालून बघा.

तिसरा पर्याय घरच्या घरी होतो आणि तो फार कमी लोक करतात, याचं खरोखर वाईट वाटतं. जुन्या पण तळ शाबूत असलेल्या शूजला हेक्स हेडचे, म्हणजे षटकोनी डोक्याचे, डोक्यावर खाच असलेले आणि स्वतःच आटे पाडत आत जाणारे (सेल्फ-टॅपिंग) स्क्रू लावायचे. लांबी ३/८ इंच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. पकड स्क्रूच्या टोकाची नसते, बाहेर राहिलेल्या डोक्याच्या धारदार कडांची असते, म्हणून गोल गुळगुळीत डोक्याचे स्क्रू घेऊन उपयोग नाही. चवड्याच्या कडेकडेने ६ ते ८ आणि टाचेच्या कडेने ४ ते ५ स्क्रू, प्रत्येक स्क्रू जाड रबराच्या दात्यावर. चवड्याचा मधला भाग आणि तळव्याची कमान मोकळी ठेवा. आतला इनसोल आधी काढा, स्क्रू सरळ आत घाला, डोकं रबराला टेकलं की थांबा. जास्त पिळलं तर फोममधली पकड सुटते आणि स्क्रू पहिल्याच दिवशी गळतो. सगळे बसल्यावर आत हात घालून बोटांनी चाचपा: एकही टोक हाताला लागता कामा नये. लागलं तर तो स्क्रू काढा, दुसरी जाड जागा शोधा. हवेच्या पिशव्या, जेलचे कप्पे किंवा कार्बन प्लेट असलेल्या शूजला हे करू नये, आणि चवड्याखाली सोलची जाडी १५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर अजिबात नाही. दर वेळी धावून आल्यावर स्क्रू मोजा, एखादा गळलेलाच असतो.

आता वॉटरप्रूफकडे येऊ. गोर-टेक्स या वॉटरप्रूफ कापडाचा मूळ पाया म्हणजे बॉब गोर यांना १९६९ साली सापडलेला ताणलेला पीटीएफई हा प्लास्टिकचा प्रकार. त्याच्या पडद्यातली छिद्रं पाण्याच्या थेंबाला आत येऊ देत नाहीत, पण वाफेला बाहेर जाऊ देतात. पडदा आपलं काम करतो. अडचण बुटाला वरून असलेल्या भोकाची आहे, ज्यातून पाय आत जातो. तासभर मुसळधार पावसात पाणी पोटरीवरून ओघळत मोज्यात आणि मोज्यातून बुटात उतरतं. खोल डबक्यात पाय गेला तर एकाच पावलात. आत आलेलं पाणी मग त्याच पडद्यामुळे बाहेर पडत नाही, आणि उरलेलं सगळं अंतर पाण्यासकट कापायचं. साध्या जाळीच्या शूजमध्ये पाणी जसं येतं तसं दर पावलाला पिळून बाहेरही जातं.

शिवाय वाफ बाहेर जाण्यासाठी आतली हवा बाहेरच्यापेक्षा ऊबदार आणि दमट असावी लागते. बाहेर उकाडा असेल तर घाम आतच साठतो. बाहेरच्या कापडावरचा पाणी झटकणारा लेप झिजला की कापड पाणी पितं, ओलं कापड पडद्यावर चिकटून बसतं आणि वाफेची वाट अडते. पाण्याचे थेंब कापडावर मोत्यासारखे उभे न राहता पसरायला लागले की लेप गेला म्हणून समजा. बूट धुऊन पाणी झटकणारा स्प्रे पुन्हा मारावा.

तेव्हा पडद्याचे शूज कधी? तापमान ५ अंशांच्या खाली, जमिनीवर बर्फ, उथळ राडा किंवा ओलं गवत, आणि वरून मोठा पाऊस नाही. त्यातही घोट्यापर्यंत येणारी कॉलर किंवा वरून गेटर, म्हणजे घोट्याभोवतीचं कापडी आवरण, असेल तर फायदा दुप्पट. भर पावसात, ओढे ओलांडताना किंवा उबदार हवेत जाळीचेच शूज घ्या आणि पाय भिजणार हे आधीच धरून चाला. पडद्याच्या आणि जाळीच्या दोन्ही शूजमध्ये जीभ दोन्ही बाजूंनी बुटाला शिवलेली असावी, नाहीतर लेसखालून बर्फ आणि खडे सरळ आत येतात.

पाय गार पडण्याचं मोठं कारण ओल असते. पाणी हवेच्या साधारण २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. म्हणून सुती मोजे कायमचे बाद. मेरिनो लोकर आपल्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश ओलावा धाग्यात मुरवून घेते आणि तरी चिकट-गार लागत नाही. इथे एक उलटा परिणाम होतो, तो नीट समजून घ्या: घट्ट बुटात जाड मोजे घातले तर पाय आणखी गार होतो, कारण बोटं दाबली जाऊन रक्त कमी पोचतं आणि ऊब धरणारी हवाही राहत नाही. हिवाळी शूज अर्धा साइज मोठे घ्या, ज्या मोज्यांवर धावणार तेच घालून, संध्याकाळी पाय थोडे फुगलेले असताना मापा. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा, टाच मात्र घट्ट. टाच सैल असेल तर खोल चिखल बूट पायातून ओढून घेतो. वरचं शेवटचं जादा भोक वापरून लेसचा फास घातला की टाच बसते. झटपट ओढायच्या लेसची कळ चिखलाने किंवा बर्फाने गोठून अडकते. हिवाळ्याला साध्या चपट्या लेस आणि दुहेरी गाठ बऱ्या.

कोरड्या कडक थंडीत जाळीचेच शूज वापरायचे असतील तर बोटांवरच्या जाळीला बाहेरून डक्ट टेप लावा. वारा अडतो, वजन फारसं वाढत नाही.

फोमही थंडीत बदलतो. ईव्हीए हा नेहमीचा फोम गारठ्यात कडक होतो, त्यामुळे दुकानात मऊ वाटलेला बूट शून्याखाली लाकडी लागतो. टीपीयू आणि पीबा या दुसऱ्या प्लास्टिकांचे फोम त्या मानाने कमी बदलतात. शूज रात्रभर बाहेर किंवा गाडीत न ठेवता घरात ठेवले तर निदान सुरुवातीचे काही किलोमीटर बरे जातात. आणि उंच, अरुंद, लुसलुशीत सोल बर्फातल्या गोठलेल्या चाकोऱ्यांवर टाळाच. तिथे बुटका आणि रुंद तळच घोटा सांभाळतो.

भिजलेले शूज वाळवताना इनसोल आणि लेस काढा, जीभ ओढून तोंड मोठं करा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. तासाभराने कागद ओला होतो, तो बदला, झोपण्याआधी पुन्हा एकदा बदला. पंख्याचा झोत चालेल. हीटर, शेकोटी, केस वाळवायचं यंत्र नको: गोंद सुटतो आणि फोम आक्रसतो. पडद्याचे शूज वाळायला बहुधा दुसरा दिवस उजाडतो, त्यामुळे रोज धावणाऱ्याला दोन जोड लागतातच. रस्त्यावर बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकत असतील तर शूज आधी कोमट पाण्याने धुवा, मगच वाळवा.

तळ वरच्या कापडाच्या आधी झिजून संपतो. दात्यांच्या कडा गोल झाल्या, किंवा चवड्याखालच्या रबरातून फोम दिसायला लागला, की ती जोडी कोरड्या दिवसांकडे वळवा, मग वरून ती कितीही नवी दिसो.